एमरच्या नांगराची हकिकत

बॅलीडून, काउंटी कार्लो
१९ जानेवारी

प्रिय अ‍ॅटीताई,

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. नाताळात फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. मधेच मला किटली उतरवायला जावं लागलं आणि परत आलो तर तू पर्थच्या उकाड्यावर पोचली होतीस. माझी तब्येत उत्तम आहे (पाठ, डावा कान आणि सकाळचा पहिला अर्धा तास सोडून). घरातले सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी आणि आपला कुत्रा ब्रॅन. ब्रॅन आता ठार बहिरा झालाय, त्यामुळे त्याला हाक मारायची तर जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा लागतो. दिवसातून बऱ्याच वेळा हाक मारतो.

आता नांगराबद्दल. मॅलकीला तू विसरली नसशील (मोठ्या कानांचा, चर्चमध्ये तुझ्या मागच्या बाकावर बसून उगाच खोकायचा तो). त्याची नात एमर, वय एकोणीस, हिनं यंदा नांगरणीच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलंय. मार्चच्या पहिल्या रविवारी आपल्या चर्चच्या पंचक्रोशीची स्पर्धा आहे. नवशिक्यांच्या त्या गटात ट्रॅक्टर जुना लागतो आणि नांगरही साठ सालाच्या आधीचा. ट्रॅक्टर मॅलकीचा आहे, तो छोटा राखाडी. नांगर नाही. मॅलकीचा खुबा बदललाय, तो खुर्चीतून उठत नाही, म्हणून त्यानं नातीला माझ्याकडे धाडलं. नांगरात खोड काढावी तर फिंटननंच, असं तो म्हणाला म्हणे (एमरच्या मते हे कौतुक आहे). तेव्हापासून, म्हणजे हॅलोविनपासून, दर शनिवारी दहाच्या ठोक्याला ती येते. तिच्या आईच्या गाडीला ट्रेलर जोडून आम्ही नांगर बघायला जातो आणि तीनला परत येऊन चहा पितो. दुसरा कप कपाटातून काढावा लागतो. पहिल्या शनिवारी त्यात कोळ्यानं बिऱ्हाड केलं होतं.

पहिला नांगर नदीपलीकडच्या एका गॅरेजवाल्याकडे होता. त्यानं तो डोक्यापासून पायापर्यंत निळा रंगवून ठेवलेला, अगदी पंखासकट! आता नांगराचा पंख, म्हणजे मातीचा पट्टा उलटवून कुशीवर निजवतं ते लांब वाकडं पोलाद, ते आरशासारखं लख्ख हवं, नाहीतर माती चिकटते आणि सरळ तास पडायच्या ऐवजी कालवलेलं पीठ पडतं, हे आपल्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मी त्या माणसाला पाऊण तास झापलं. एमर म्हणाली, "काका, रंग खरवडता येईल की. मी खरवडते." मी म्हटलं, "रंग खरवडशील. ज्यानं लावला त्याची अक्कल कशी खरवडणार?" आम्ही परत आलो. चहा घेतला. असेच आणखी सहा-सात नांगर मी नाकारले. ते सगळे सांगत बसलो तर पाकिटाला दुप्पट तिकिटं लागतील.

डिसेंबरात डिम्फ्ना होरबाईंकडचा निघाला. बाई विधवा, बंगली नवी, आणि फाटकाशी शोभेला ठेवलेल्या नांगरात जिरेनियमची झाडं लावलेली (हल्ली चांगले नांगर असेच मरतात). नांगर दाखवण्याआधी बाईंनी आम्हाला आत बसवलं, तीन प्रकारचे केक पुढे ठेवले आणि माझी मुलाखत सुरू केली. घराला खोल्या किती, छप्पर गळतं का, रात्री घोरता का. (ब्रॅनला विचारा, असं मी सांगितलं. ब्रॅन बहिरा आहे हे सांगितलं नाही.) एमर खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत हसत होती. मग फुलं बाजूला सारून ती नांगराखाली शिरली आणि म्हणाली, झकास आहे. मी म्हटलं, मधली दांडी अर्धं बोट वाकलीय. तिनं चिखलात उताणी पडून दोरी लावून मापलं. दांडी सरळ निघाली. मी म्हटलं, दोरी वाकडी असेल. डिम्फ्नाबाईंनी निघताना उरलेला केक बांधून दिला आणि वाट माहीत झालीच आहे, असं दोनदा म्हणाल्या. केक चांगला होता. मी पुन्हा गेलो नाही.

आणि मग तो डच माणूस. ओशेंचं जुनं शेत घेतलंय त्यानं, बकऱ्यांचं चीज करतो, नाव योस्ट. त्याच्या गोठ्यात लांब पंखांचा नांगर होता. रंग नाही, गंज नाही, दांडी सुताला सूत. ह्यात खोड काढायला मलासुद्धा जमेना. आम्ही किमतीचं काढणार तोच तो म्हणाला, "मला काय करायचाय? घेऊन जा." मी अर्थातच म्हटलं, "छे छे, नको, असं कसं!" ताई, ह्यात माझं काय चुकलं तू सांग. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. मग त्यानं आग्रह करायचा, आपण तुम्हालाच लागेल म्हणायचं, मग त्यानं आता मात्र मला राग येईल म्हणायचं, आणि मग घ्यायचं. आईनं आपल्याला शेजारच्या घरचा चहासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय पिऊ दिला नाही. तर योस्ट म्हणाला, "बरं." आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं!

आम्ही पावसात पाच मिनिटं उभे होतो.

"काका, तो परत येणार नाही," एमर म्हणाली.

"येईल. कोट घालायला गेला असेल."

सोमवारी वेक्सफर्डचा कुणीतरी पहिल्या फटक्यात हो म्हणून तो नांगर घेऊन गेला. त्या शनिवारी परतताना एमर गाडी चालवत होती. मग समोर बघत म्हणाली, "काका, तुम्हाला नांगर मिळायलाच नकोय का?" मी म्हटलं, खड्डा बघ. खड्डा नव्हता.

गेल्या शनिवारी मुसळधार लागला होता. ट्रेलरची दोरी शोधायला ती मागच्या शेडमध्ये गेली आणि परत येईना. मी जाऊन बघतो तर पोत्यांचा ढीग बाजूला फेकलेला आणि ती तुझ्या नांगरासमोर उकिडवी बसलेली. "हा कुणाचा?" म्हटलं, आमच्या ताईचा. ह्यानं तिनं त्र्याऐंशी साली अकरा बाप्यांना हरवलं (बारावा आदल्या दिवशीच आजारी पडला). तिनं बाहीनं पंख पुसला. त्यात तिचं तोंड दिसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चाळीस वर्षं पडून आहे म्हणता, मग ग्रीस ताजं कसं?" मी म्हटलं, इकडची हवाच दमट आहे. (दर नोव्हेंबरात मी पंख घासून पुसून ग्रीस लावतो. तू लाव म्हणाली नव्हतीस, पण लावू नको असंही म्हणाली नव्हतीस.) ती उठून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "हाच." त्या दिवशी चहाला बसली नाही, आजोबांना सांगायला पळाली. मी दोन कप ओतून बसलो होतो.

असं सगळं इकडचं आहे. दाजी जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. जेवण वेळेवर करत जा, एकटीसाठी काय रांधायचं असं म्हणून टोस्टवर भागवू नकोस (मी भागवतो, पण मला गुडघा नाही). शेजारच्या फिलिपिनो बाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ,
फिंटन

ता. क. निळा नांगर चांगला होता. रंग दोन दिवसांत निघाला असता. होरबाईंचा तर त्याहून चांगला होता. नांगर मिळाला की पोरगी मॅलकीच्या शेतात सरावाला लागणार आणि माझ्याकडे यायचं तिला कारण उरणार नाही, हे मला पहिल्या चहालाच कळलं होतं. एकटं वाटतं ताई. म्हणून मी एकोणीस वर्षांच्या पोरीचे अकरा शनिवार खाल्ले. स्पर्धेला आता सहाच आठवडे उरलेत. मला स्वतःची लाज वाटते.

ता. ता. क. तेव्हा मुद्द्याचं. नांगर तुझा आहे, बाबांनी तो तुझ्या नावानं ठेवला, म्हणून एमरला द्यायची परवानगी दे. आणि पाना. बाबांनी लोहाराकडून नांगराचे नट अशा काही मापाचे करून घेतले होते की त्यांना जगातला दुसरा कुठलाच पाना बसत नाही (मी दोन मोडले). मॅलकीच्या ट्रॅक्टरसाठी नांगर नव्यानं बसवावा लागेल. बाबा गेल्यावर त्याच उन्हाळ्यात तू बसमध्ये चढताना पाना कोटाच्या खिशात टाकलास आणि माझी बसवणी कुणी बिघडवायची नाही म्हणालीस. तो अजून तुझ्याकडे आहे, हे मला माहीत आहे.

ता. ता. ता. क. पाना पोस्टानं पाठवू नकोस, हरवेल. मी विमान कंपनीत चौकशी केली. हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत चालतो. मोठी बॅग आण. नाताळात मी किटली उतरवायला गेलो नव्हतो. तू विचारलंस, "मार्चमध्ये येऊ का?" आणि मी म्हटलं, "नको, कशाला एवढ्या लांब," आणि मग फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो, तू पुन्हा विचारशील म्हणून. तू उकाड्याचं बोलायला लागलीस. तेव्हा बसपाशीही तू "राहू का मी?" असं एकदाच विचारलं होतंस. मी नको म्हटलं. ते पहिलं नको होतं, ताई. बस सुटायची घाई होती, तुझं दुसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं. योस्टच्या दारात पाच मिनिटं उभं राहून मला एवढंच कळलं की दार पुन्हा उघडत नाही. म्हणून आता तू विचारू नकोस, मीच सांगतो. ये. एमर म्हणते, ती शिकली तर तुझ्याच हाताखाली शिकेल, आणि शनिवार इथेच. तिसरा कप उद्या गावातून आणतो.