जुन्या ड्राइव्हवरचे अण्णा

सातपूर, नाशिक

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस. फोनवर बोलले की अण्णांना सगळं ऐकू जातं. ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र गेलं, कान शाबूत आहेत. आणि मला त्यांच्या नकळत तुझ्याशी भांडायचंय.

दिवाळीत तू आलास, अण्णांच्या कॉम्प्युटरसमोर बसलास आणि लगेच वैतागलास. हा डबा चालवता तरी कसा तुम्ही! मग नवी ड्राइव्ह आणलीस, तिच्यावर विंडोज टाकलंस आणि अण्णांचा बोलायचा प्रोग्राम फोल्डरसकट उचलून तिथे ठेवलास, कांद्याची गोणी एका खोलीतून दुसरीत न्यावी तसा. जुनी ड्राइव्ह साफ पुसलीस आणि घरी उपयोगी पडेल म्हणून बॅगेत टाकलीस. वर फॅमिली ग्रुपवर फोटो, ‘अण्णांचा कॉम्प्युटर सुसाट!’ काकांपासून सगळ्यांनी तुझं कौतुक केलं.

तू गेलास आणि अण्णांनी चहा मागायला क्लिक केलं. प्रोग्रामचं चित्र जागेवर होतं, उघडेना. प्रोग्राम म्हणजे नुसतं एक फोल्डर नसतं, त्याचा निम्मा संसार भलतीकडेच पसरलेला असतो, हे मला दुकानात जाऊन कळलं. तुला आधीच कळायला हवं होतं, तू त्याच लाइनीतला ना? प्रोग्राम मी पुन्हा टाकलाही, त्यात काही विशेष नव्हतं. पण ऑपरेशनआधी अण्णांनी स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेली वाक्यं प्रोग्रामने वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. ती तू पुसलीस.

ती भरताना तू नव्हतास. अण्णा पंखा बंद करून, घामाघूम होत माइकपुढे बसायचे. कंपनीत मशीनच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे ‘साखर कमी पडली गं’ हेसुद्धा ओरडून. ‘टीव्ही बारीक कर.’ ‘तृप्ते, गाडी हळू चालव.’ आणि ‘धन्या, जेवला का?’ हे मात्र पुन्हा पुन्हा भरावं लागलं, कारण दर वेळी ते इतकं हळू म्हणायचे की माइकमध्ये यायचंच नाही. तुझा फोन आला की ते आधी हेच बटण दाबायचे आणि तू हो हो म्हणून फोन ठेवायचास.

आता कॉम्प्युटरमधून कोणी एक बाई बोलते. ‘मला पाणी हवे आहे.’ अण्णांनी जन्मात असं पाणी मागितलं नाही. एकदा ऐकलं आणि कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. आता ते ताटावर चमचा वाजवून मला बोलावतात.

वर दुसरं काही भरलं नसेल तर पुसलेलं परत मिळतं, असं दुकानवाला म्हणाला, म्हणून तुझ्याकडे जुनी ड्राइव्ह परत मागितली, तर म्हणालास, त्यात माझ्या साईचे शाळेतले व्हिडिओ भरलेत, तुला काय करायचीय? कशाला हवीय ते मी सांगितलं नाही. अण्णांनी पाटीवर लिहिलं होतं, ‘धन्याला सांगू नको. लय वाईट वाटंल त्याला.’ दिवाळीनंतर तू त्यांना एक फोन केला असतास, तर तुझं तुलाच कळलं असतं. मला तुझा राग येतो दादा, आणि त्यांच्या या मायेचा त्याहून जास्त.

तरी मी गप्पच राहिले असते. पण काल तुझा मेसेज आला. पुढच्या रविवारी नव्या फ्लॅटची वास्तुशांत, अण्णांना प्रवास झेपायचा नाही, तर त्यांच्या आवाजात आशीर्वादाचे दोन शब्द पाठव, स्पीकरवर लावू. तो मेसेज अण्णांनीच आधी वाचला. इस्त्रीचा शर्ट घातला. उठून पंखा बंद केला. माझा फोन समोर ठेवून आवाज रेकॉर्ड कर अशी खूण केली आणि बराच वेळ ओठ हलवत बसले. शेवटी, तू समोर वाकला असावास तसा हात वर केला. ते रेकॉर्डिंग मी तुला पाठवलंय. बिघडलंय समजून पुसू नकोस. सगळे पाहुणे जमले की आवाज मोठा करून लाव.

तुझीच, अजून तरी,
तृप्ती