दुसरं टोक अर्धंच सोलायचं

आण्णा, तुमी जाऊन लई वर्सं झाली आन् म्या आज तुमच्यावर रागावलेय. तुमी असताना असा राग आला असता तर तोंडातून शब्द फुटला नसता. म्या लिहायला कच्ची, सातवीपातूर शिकलेली, ते तुमाला ठाव हायच. जसं बोलते तसं लिहिते.

तुमची नात आता चौथीला हाय. तुमी तिला बघितली न्हाय. मागल्या महिन्यात शाळंतून आली आन् दप्तर टाकायच्या आधी म्हणली, "आई, मला फिरणारी मोटर करायचीय. सेलवर चालणारी." एक सेल, दोन शेप्टीपिना, खाली लोहचुंबक आन् वर केसावानी बारीक तारेचं वेटोळं. तीच मोटर. म्या म्हणलं, "माझ्याच्यानं न्हाय व्हायची बाई. माझा हात जड हाय. मामाकडं जाऊ."

हात जड हाय. ह्यो शब्द तुमचा. म्या त्यो इतकी वर्सं सांभाळला, सासरी येताना सुदीक संगं आणला.

नळदुर्गला हायवेच्या कडंला तुमचं मोटरी भरायचं, म्हंजी जळक्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं दुकान. अजून आठवतंय, शाळंत विज्ञानाचं प्रदर्शन हाय. म्या सातवीला, भाऊ नववीला. तुमी आमाला दोघांनाबी पुढं बसवलंय. बाहेर ट्रका चालल्यात, आत वार्निशचा वास. तुमी जुन्या पंख्यातली तार काढून दावता. म्हणता, हिच्यावर वार्निशचं कातडं असतंय, डोळ्याला दिसत न्हाय, पण ते निघाल्याबिगर करंट जात न्हाय. बिलेड लावलं तर तार तुटती. काडीनं जाळलं तर कडक होऊन मोडती. मग तुमी पालिश पेपरचा तुकडा दुमडला, तार त्येच्या घडीत धरली आन् म्हणला, "तार वढायची न्हाय, कागद वढायचा. मुंगी धरल्यावानी धर. मरली न्हाय पायजे आन् सुटलीबी न्हाय पायजे." म्या धरली. जीव मुठीत घेऊन कागद वढला. तुमी म्हणला, "दोनी टोकं चारी बाजूनं सोल. लाल झक निघू दे." निघाली की. तुमी भिंगातून बघितलं आन् काय बी बोलला न्हाय. मला वाटलं, बोलत न्हाईत म्हंजी चांगलं झालंय.

प्रदर्शनात माझी मोटर नुसती थरथरली. बोटानं फिरवली की जरा हलायची आन् आडून बसायची. माझ्या वर्गातली एक पोरगी म्हणली, "हिच्या मोटरीला हिवताप आलाय गं!" सगळ्या हसल्या. सरांनी वाकून बघितलं आन् म्हणले, "तार नीट सोलली न्हाय तू." म्या पुन्हा सोलली, पुन्हा सोलली, शेवटी तार तुटली. पलीकडच्या टेबलावर भावाची मोटर भिंगरीवानी फिरत हुती. तुमी आला. माझी बोटं हातात घेतली, उलटी सुलटी करून बघितली आन् लई हळू म्हणला, "पोरी, हात जड हाय तुझा. ह्ये नाजूक काम तुझं न्हाय." मारलं असतं तर इसरले असते, आण्णा. तुमी मायेनं सांगितलं, म्हणून मला खरं वाटलं.

त्या उन्हाळ्यात माझी शाळा सुटली ती सुटलीच. म्या हट्टबी केला न्हाय. ज्येचा हातच जड, त्येनं शिकून काय करायचं. लग्नात तुमी सोता भरलेला टेबल फॅन दिला. अजून चालतोय, कुरकूर न्हाय का काय न्हाय. कुणी आलं की सांगते, माझ्या बापाच्या हातचा हाय.

आता माझ्या भ्याचं सांगते. माझ्या बारक्या पोराची नखं म्या कवाच काढली न्हाईत. तांदळाच्या कणीएवढी नखं, माझ्या जड हातानं बोट कापलं तर? शेजारणीकडं न्यायची. तिला सवड नसली की ह्यो आपलंच तोंड वरबाडून घ्यायचा. औषधाचं बी तसंच. मागं त्येला ताप आला. दवाखान्यातनं थेंबाचं औषध दिलं हुतं, मोजून पाजायचं. म्या नळी हातात घेऊन बसले. जास्ती पडलं तर? ठसका लागला तर? सासूबाई रानात गेलेल्या. म्या त्यांची वाट बघत बसले आन् ताप चढत गेला. पोरानं डोळं पांढरं केलं, अंग ताठलं. माझ्या वरडण्यानं गल्ली गोळा झाली. सासूबाई पळत आल्या, म्हणल्या, "अगं हातात औषध घेऊन बसलीयस व्हय? पाजायला मुहूर्त पायजे हुता का?" पोरगं वाचलं. पण त्या दिवसापसून त्येला जरा कणकण आली की म्या रातभर त्येच्या उशाशी बसून ऱ्हाते.

तर म्या पोरीला घेऊन सासरच्या गावावरनं, माकणीवरनं, एस्टीनं नळदुर्गला गेले. दुकान आता भाऊ चालवतोय. त्येनं भाचीला खारी दिली, वेटोळं करून दिलं आन् तुमच्यासारखाच कागद दुमडला. एक टोक सगळं सोललं. दुसरं वरच्या अंगानं घासलं आन् ठिवून दिलं.

म्या म्हणलं, "भाऊ, खालून राहिलं की."

त्यो हसला. "येडे, दुसरं टोक अर्धंच सोलायचं असतंय! अर्ध्या फेऱ्याला करंट, अर्ध्याला बंद. दोनी टोकं सगळी सोलली की ती आडून बसती. तुला अजून ठाव न्हाय व्हय?"

"मला कोण सांगणार?"

"आण्णांनी मला मागच्या खोलीत सांगितलं की. म्हणले, तिला सांगू नगं. तिचा हात तुझ्यापरीस हलका हाय, तिचाच नंबर यील. मग मास्तर घरी येत्याल, पोरगी हुशार हाय, पुढं शिकवा म्हणून गळ्यात पडत्याल." त्येनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् त्येचं हसू गेलं. "अगं, लई जुनं झालं ते. सोन्यासारखा संसार हाय की तुझा. च्या घेतीस का?"

म्या च्या घेतला न्हाय. वेटोळंबी त्येच्याकडनं घेतलं न्हाय. नुसती तार आन् कागदाचा तुकडा घेतला.

हलका हात. तुमाला ठाव हुतं, आण्णा. भिंगातून बघितलं तवाच ठाव हुतं. म्या लई चांगली सोलली, म्हणून मोटर फिरली न्हाय. शाळा बंद करायची हुती तर तोंडानं सांगायचं. म्या रडले असते, उपाशी निजले असते, पर ऐकलं असतं. पोरीनं बापाचं ऐकू नये असं कवा झालंय का आपल्यात? तुमी माझी शाळा घेतली ती घेतली, माझ्या हातावरचा इस्वास कशापायी घेतला? तुमचं त्या दिवसाचं काम झालं. माझं पोरगं डोळं पांढरं करून पडलं तवा तुमी कुठं हुता?

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात उजेडाला बसून म्या तारेचं वेटोळं केलं आन् टोकं सोलायला घेतली. कागद वढला, टोक लाल निघालं. दुसरं टोक वरनंच घासलं आन् थांबले. खालचं सोलावं असं सारखं वाटत हुतं, बोटं तिकडंच जायची. पोरीनं वेटोळं पिनांवर ठिवलं, टिचकी मारली. फिरलं, आण्णा. थांबतच न्हवतं. पोरगी टाळ्या पिटत अंगणभर नाचली. म्या मातूर हसले न्हाय. घरात जाऊन भांडी घासली.

औषध आता म्याच पाजते. भ्या वाटतंय, पर कुणाची वाट बघत न्हाय.

ह्ये लिहून झालं की चुलीत घालणार हाय. भावानं वाचलं तर म्हणल, मेलेल्या माणसावर काय रागावतीस. एकच गोष्ट सांगायची राहिली. मोटर फिरत असताना पोरीनं इचारलं, "आई, तुला ह्ये अर्धं सोलायचं कुणी शिकवलं?" खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आन् तोंडातनं निघालं, "तुझ्या आज्यानं."