तोआनदादाचा निळा वाडगा

हनोई

आईस,

लेक दिएपचा वाकून नमस्कार. मी आणि बाळ बरे आहोत. तुझा खोकला थांबला का?

काल वहिनीचा फोन आला. ज्या ‘बी’ काविळीने तोआनदादा गेला, तीच तपासणीत तुझ्याही रक्तात निघाली म्हणे. तेव्हापासून तू चुलीपाशी वेगळी जेवतेस, तेही दादाच्याच निळ्या वाडग्यात.

दादालाही आपण असंच वेगळं वाढायचो. तो हसायचा, “बरंय, माझा मासा कुणी पळवत नाही!” मग भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

आई, हा आजार जेवणातून पसरत नाही. डॉक्टरबाईंना मी पुन्हा पुन्हा विचारलं. रक्तातून जातो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. यात तुझा काय दोष? दादा जन्मला तेव्हा आपल्याकडे लसच नव्हती. माझ्या बाळाला जन्मल्या दिवशीच टोचली. तू जिल्ह्याच्या दवाखान्यात जाशील ना? गोळ्या लागल्या तर तिथे देतात.

दादाच्या वर्षश्राद्धाला आम्ही येतोय. त्याच्या फोटोपुढे मासा ठेवशील तो आपल्या सगळ्यांसारख्या पांढऱ्या वाडग्यात ठेव. तूही पांढऱ्यातच जेव, आमच्यामध्ये बसून.

बाळाला मी तुझ्याच मांडीवर देणार आहे. हात मागे घेऊ नकोस.

तुझी,
दिएप