घाटाच्या पाच पायऱ्या

बाबा, दारोदार फिरून ज्यांनी माहिती जमवली आणि पुस्तकावर नाव मात्र दुसऱ्याचं आलं, त्या तुमच्यासारख्या सगळ्यांच्या वतीने मी आज भांडायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. आता छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि राजधानीला इतिहास लागतो म्हणून उत्तम इतिहासग्रंथाला पुरस्कारही सुरू झाला. तिघा परीक्षकांत मी आहे. जिने सिलतऱ्यात कारखान्यांच्या गेटवर उभं राहून आयुष्यभर असल्या शालींची टिंगल केली, तिला काहून बोलावलं असेल, हा संशय मला पहिल्या दिवसापासून आहे. तोंड बंद करायला शालीपेक्षा खुर्ची बरी पडते.

शेवटच्या फेरीतलं एक पुस्तक रायपूरच्या तलावांवर आहे. वाचता वाचता आपल्या पाऱ्यातल्या, आपल्या मोहल्ल्यातल्या तलावाशी आले आणि थांबले. ‘घाटाला पाच पायऱ्या.’ मला एकदम तुमचा रविवार आठवला. आठवडाभर रेल्वेच्या ऑफिसात पार्सलच्या पावत्या लिहिणारे तुम्ही, रविवारी वही घेऊन तलाव पाहायला निघता. पावसाळा नुकताच सरलाय, पाणी काठोकाठ. घाटावर कपडे आपटणाऱ्या बाईला तुम्ही पायऱ्या किती म्हणून विचारता. ती हसते. “पचरी? पाँच ठन दिखत हे, पाँच लिख ले बाबूजी. पानी मा उतर के कोन गिनही?” मी फ्रॉक वर धरून पाण्यात उतरते.

“बाबा, पायाखाली अजून एक हाये!”

“कोणं सांगतलं तुले?”

“पायानं.”

“हव, आता तुह्या पायाचं नाव टाकतो वहीत. चाल, वर ये, ओली होऊन राहिली.”

आणि तुम्ही पाच लिहिता. हा ‘कोणं सांगतलं’ घरातही माझी पाठ सोडत नसे. स्वयंपाकघरात ताटावर बसून मी शाळेतली काही शेखी मिरवली, की तुमचा घास हातातच थांबायचा आणि तोच प्रश्न यायचा. आई म्हणायची, “जेवू द्या ना पोरीले, कोर्टात उभी केल्यासारखं काय विचारता!”

गेल्या आठवड्यात, भर वैशाखात, मी त्या घाटावर गेले. पाणी पार तळाला. पायऱ्या मोजल्या, नऊ. घरी येऊन ट्रंकेतून तुमची वही काढली, त्यात पाच. ही चूक जगात एकाच ठिकाणी होती, तुमच्या अक्षरात. मग लेखकाकडे कशी गेली? तुमच्या तेरवीला आलेल्यांपैकी कोणीतरी वही चाळून गेलं असणार. मी एकेकाचा चेहरा आठवून पाहिला, काकांनाही सोडलं नाही. मग चार पानांची हरकत लिहिली. लेखकाचा पाय कधी ओला झालेला नाही, हा ग्रंथ चोरीचा आहे, तो बाद करा.

दुसरे परीक्षक निवृत्त प्राचार्य आहेत. फोनवर त्यांना ती वाचून दाखवली, तर म्हणाले, “दीदी, आप तो सबको चोर समझती हैं. पन्ने के नीचे देखा?”

“आप भी उन्हीं के आदमी हैं क्या, भैया?”

“अरे, देखिए तो. नीचे आप ही का नाम है.”

होतं. तळटीपेत माझ्या भाषणाचा हवाला होता. तलाव बुजवायला निघाले होते, तेव्हा मी सभेत बोलले होते. कामगारांनी त्या भाषणाची पुस्तिका काढली होती. अशी शेकडो भाषणं केली, ते मी विसरूनही गेले होते. ‘पाच पायऱ्यांचा हा घाट’ हे वाक्य माझं, त्यावरच्या टाळ्या माझ्या. तुमचं नाव कुठे नाही. भाषणाआधी मी तलावाकडे फिरकलेसुद्धा नव्हते, घाईत तुमच्या वहीचं एक पान पाहिलं होतं. आज ते पान उलटलं. मागे उन्हाळ्यातली नोंद आहे, वेगळ्या शाईत. ‘पायऱ्या नऊ. सहावी पोरीच्या पायाने आधीच सांगितली होती.’

हे पत्र त्या नोंदीपाशीच ठेवते आहे, दुसरीकडे कुठे धाडणार? पण ती चार पानं अजून माझ्या पर्समध्ये आहेत, मी ती फाडलेली नाहीत. बैठक परवा आहे. प्राचार्य भिडस्त आहेत, माझ्या तोंडावर काही बोलणार नाहीत. तिसऱ्याने पुस्तक उघडलं असेल याची मला खात्री नाही. आवाज चढवला की माझं खरं धरतात, हे मला इतक्या वर्षांत चांगलं कळलंय. म्हणून बाबा, परवा मी बोलायला उभी राहिले, की तेवढं एकदा विचारा मले, कोणं सांगतलं तुले?