मी घडवलेली कडी

आदरणीय बाई,

औद्योगिक डिझाइनच्या वर्गातला आपला सर्वांत वयस्कर विद्यार्थी आठवडाभर गैरहजर का आहे, हे कळवणे मी कर्तव्य समजतो. लहान मुलांना उघडता येऊ नये अशी जी कडी मी घडवली आणि जिला आपण पैकीच्या पैकी गुण दिलेत, ती चिरंजीवांनी कौतुकाने घराच्या मुख्य दाराला बसवली. ती दाबून धरून उचलावी लागते. माझ्या थरथरत्या बोटांना ते साधत नाही. वर्गात ती शेजारच्या बाकावरच्या मुलीने उघडून दाखवली होती.

"बरंच झालं की, बाबा! या वयात कसलं कॉलेज?" कामावर निघताना सूनबाई हसल्या.

दिवसभर पाळणाघरात असणाऱ्या तीन वर्षांच्या नातवाने मात्र ती पहिल्याच दिवशी, तिकडे निघताना, उघडली. तेव्हा माझे गुण कृपया कमी करावेत.

हे पत्र टाकायची पेटी दाराबाहेर आहे.

आपला नम्र विद्यार्थी,
दाराच्या आतून