यशोला विहीर दाखवायचा बेत

१२ मे
यशोधराला मायनिंग इंजिनिअर व्हायचंय. तेही नागपूरला! इथं अवसरीतच कॉलेज आहे, कॉम्प्युटर आहे, डबा गरम नेता येईल. मी विरोध केलेला नाही. दोन वेळा जेवले नाही, ते ॲसिडिटीमुळे.

१३ मे
बायकांना खाणीत उतरवत नाहीत, असं तिला शांतपणे सांगितलं. नियम बदललाय आई, म्हणाली. मी ज्यात वाचलं होतं ते पुस्तक जुनं निघालं.

१५ मे, सकाळी
बेत ठरला. यशोचे बाबा विहिरी खोदायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पहार अजून दाराआड उभी आहे. झाडताना मी ती हलवत नाही. त्यांचा जोडीदार गोकुळ मळ्यात विहीर खोदतोय. पन्नास फूट. यशोला एकदा खाली सोडायचं. पाच मिनिटांत कॉम्प्युटर म्हणेल.

१७ मे
आधी मी उतरले. दुसऱ्याला घाबरवायचं तर आपल्याला माहिती हवी. वहिनी, भाऊ असते तर मलाच हितं पुरलं असतं, असं गोकुळ म्हणत होता. दगडमाती वर ओढायच्या यारीच्या बादलीत बसून तळाशी गेले. परत बादलीत चढायला मात्र पाय तयार होईनात. उन्हाचा त्रास असावा. तळाशी ऊन नव्हतं, हे यशोनं नंतर उगाच सांगितलं.
वरून गोकुळ ओरडला, वहिनी, लई येळ झाला, पानी लागलं का काय?
शेवटी यशो उतरली. मला धरायचं सोडून भिंतच चाचपत बसली. बाबा असं वाजवून बघायचे ना, म्हणत दगडावर दगड मारला. अगदी तोच आवाज.
आई, चल आता, म्हणाली. मी म्हटलं, अजून एकदा वाजव.

१८ मे
शेजारची झुंबरबाई विचारत आली, हिरीत अडकलीस म्हनं? पाहणी करत होते, असं सांगितलं. बेत फसलेला नाही, लांबलाय.

२१ ऑगस्ट
यशो नागपूरला गेली. मी रडले नाही. स्टँडवर धूळ फार होती. पाऊस चालू होता, तरी.

३ सप्टेंबर
यशोचा फोन. त्या विहिरीच्या तळाचा एक दगड हवाय, टेबलावर ठेवायला. गोकुळनं आणून दिला तो परत पाठवला. वरच्या थराचा होता. आवाज बद्द येत होता. मग विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून मीच पहारीनं ठोकून ठोकून निवडला.
दिवाळीला येईल तेव्हा कॉम्प्युटरचं पुन्हा काढणार आहे.
आज पार्सल केलं. दगडामुळे कडबोळी मावली नाहीत. मीच खाल्ली.