‘हिज’ म्हणजे कुणाचं?

सोलापूर
ता. १८ मार्च १९७३

ती. सौ. दुर्गाताईस,

धाकट्या एकनाथचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मागची दोन्ही पत्रं पोचली असतील. उत्तर नाही आलं.

का आलं नाही ते मला ठाऊक आहे. पेपर तुमच्या जेऊरलाही येतो.

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांना तू चार महिने सही करायला शिकवलंस. मी दोनदा पाट्या-पेन्सिली घेऊन आलो, तेवढंच. तरी बातमीत फोटो माझा, नाव माझं. वार्ताहराने घोळ घातला, असं तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं, ताई. तो शाळेत आला तेव्हा ‘आम्ही शिकवतो’ असं मीच म्हणालो. आम्ही म्हणजे कोण, असं त्याने विचारलंही. मी नुसता हसलो आणि फोटोसाठी कॉलर सारखी केली.

परवा नववीच्या धड्यात ‘पब्लिसाइज’ हे क्रियापद आलं. एखादी गोष्ट गाजवणं, चारचौघांपुढे आणणं, असा अर्थ सांगितला. सकर्मक आहे, नुसतं वापरता येत नाही, काय गाजवलं ते सांगावंच लागतं, हेही सांगितलं. मग फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘द न्यूजपेपर पब्लिसाइज्ड हिज वर्क.’

प्रभा नावाची मुलगी उभी राहिली. तुझ्या कामावरच्या केराबाईची ती भाची, हे मला माहीत नव्हतं.

“सर, हिज म्हणजे कुणाचं? आमची मावशी म्हणती, तिला तर बाईंनी शिकवलं की.”

उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी ‘हिज’ पुसून ‘हर’ लिहिलं. “माझ्या बहिणीचं,” म्हणालो.

तास संपल्यावर हेडसर सिद्रामप्पांकडे गेलो, त्या बातमीवरून शाळेने ठरवलेला माझा सत्कार रद्द करा म्हणालो. ते म्हणाले, पत्रिका वाटून झाल्यात, आता तुम्हीच घरोघर जाऊन सांगा. कालपासून तेच करतोय. पेपरच्या कचेरीतही जाऊन आलो. आज चौथ्या पानावर तीन ओळी आल्यात, तुझ्या नावासह. कात्रण सोबत आहे.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही.

ज्याचा हात धरून तू पहिलं अक्षर गिरवून घेतलंस, तो
एकनाथ